ओटा, पाटा आणि ओढ्यातला चमकणारा दगड

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की, ज्या घरात एकही दगड नाही असं मराठी घर मला दाखवा. तसं घर कुणी दाखवलं नाही, पण पत्रं भरपूर आली. कुणी ओट्याबद्दल विचारलं, कुणी विहिरीबद्दल, एकीने तर पोस्टाने दगडच पाठवला. त्यातली सहा पत्रं निवडली आहेत. वेगवेगळ्या तोंडांनी सगळ्यांना विचारायचंय ते एकच: अग्निज खडक चांगला की रूपांतरित? एकतीस वर्षं कॉलेजात भूविज्ञान शिकवून निवृत्त झाले, तरी हा प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही.

नवीन फ्लॅटमध्ये ओटा करायचा आहे. दुकानदार काळा ग्रॅनाइट गळ्यात मारतोय. माझे मेहुणे म्हणतात, ग्रॅनाइट अग्निज म्हणून पक्का आणि संगमरवर रूपांतरित म्हणून कच्चा. असा काही नियम आहे का? आईच्या ओट्याला चाळीस वर्षं कडप्पा होता, तो यांपैकी कशात धरायचा?
– एक वाचक, चिंचवड

मेहुण्यांचं उत्तर बरोबर आहे, रीत चुकली आहे. माझ्या पेपरात त्यांना निम्मे गुण मिळाले असते.

अग्निज खडक म्हणजे वितळलेला शिलारस थंड होऊन जमलेला. पाक ताटात ओतला आणि वडी जमली, तसा. जमिनीखाली खोलवर सावकाश निवला तर दाणे मोठे होतात, नुसत्या डोळ्यांना दिसतात, तो ग्रॅनाइट. लाव्हा होऊन वर आला आणि लवकर निवला तर दाणे बारीक राहतात, तो आपला बेसाल्ट. रूपांतरित खडकाची गोष्ट भाकरीसारखी आहे. तव्यावर पीठ वितळत नाही, पण भाजून निघाल्यावर त्याचं परत पीठही होत नाही. आधीच तयार असलेला एखादा खडक खोल गाडला जातो, तापतो, दाबला जातो आणि न वितळता, घट्ट अवस्थेतच त्याच्यातली खनिजं नव्याने मांडली जातात. चुनखडकाचा संगमरवर होतो तो असा.

आता संगमरवर मऊ का? रूपांतरित आहे म्हणून नव्हे. तो जवळजवळ सगळा कॅल्साइट या एकाच खनिजाचा असतो आणि कॅल्साइट जात्याच मऊ. काठिण्याच्या १ ते १० या मापावर तो ३ वर बसतो. घरातला पोलादी चाकू साडेपाचच्या आसपास, ग्रॅनाइटमधला फेल्स्पार ६, क्वार्ट्झ ७. म्हणजे चाकू संगमरवरावर ओरखडा काढतो आणि ग्रॅनाइटवर स्वतःच झिजतो. त्यात कॅल्साइटला आंबट सहन होत नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर, आमसुलाचं पाणी, काहीही सांडलं की तेवढ्या भागाची पॉलिश जाते. ज्या घरात रोज आमटीला चिंच लागते तिथे संगमरवराचा ओटा करणं म्हणजे पांढऱ्या सदऱ्याने होळी खेळणं. देव्हाऱ्याला लावा, पोळपाट घ्या. गार आणि गुळगुळीत असल्याने पोळी चिकटत नाही. ओट्याला नको.

पण क्वार्ट्झाइट बघा. तो वालुकाश्मापासून झालेला, म्हणजे शंभर टक्के रूपांतरित, आणि बहुतेक सगळा क्वार्ट्झच. काठिण्यात तो ग्रॅनाइटलाही ऐकत नाही. मेहुण्यांचा नियम इथे संपला.

त्यांना आणखी एक धक्का द्यायचा असेल तर त्याच दुकानात घेऊन जा. ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून जो विकतात तो शास्त्राच्या हिशेबाने ग्रॅनाइटच नाही. बहुतेकदा तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टचाच भाऊबंद, फक्त थोडा सावकाश निवलेला. अग्निज आहे, मजबूत आहे, ओट्याला उत्तम आहे, नाव तेवढं उसनं. आणि शेजारी ‘काश्मीर व्हाइट’ नावाची पांढरी, लालसर ठिपक्यांची फरशी उभी असेल. तिचा काश्मीरशी संबंध नाही, ती तमिळनाडूची, आणि ती रूपांतरित आहे. ते लाल ठिपके म्हणजे गार्नेटचे स्फटिक. व्यापाऱ्यांच्या भाषेत जो कठीण आहे, पॉलिश घेतो आणि आंबटाला दाद देत नाही, तो सगळा ‘ग्रॅनाइट’. मला यात फारसं चूक वाटत नाही. ओट्याला शेवटी तेवढंच लागतं.

कडप्पा या दोन्हींत बसत नाही. तो आंध्रातला काळा चुनखडक, म्हणजे गाळाचा, स्तरित खडक. शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची, कोटा राजस्थानचा, हे दोघेही त्याच जातीचे. आईच्या ओट्यावर लिंबाच्या फोडीच्या आकाराचे पांढरट गोल डाग असतील, आठवून बघा. काळा आहे म्हणून अग्निज, हा समज तेवढ्या एका डागाने पुसला जातो. उलट मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत करड्या कुर्ला बेसाल्टबरोबर पिवळसर मालाड दगड वापरला आहे. तो ट्रॅकाइट आहे, ज्वालामुखीतूनच आलेला, पण रंगाने साय घातलेल्या चहासारखा.

घ्यायच्या आधी दुकानातून हातभर तुकडा मागून घरी न्या. त्यावर लिंबाची फोड रात्रभर उपडी ठेवा. सकाळी पुसून तिरप्या उजेडात बघा, डाग दिसला तर तो चुनखडक किंवा संगमरवर. मग मागच्या बाजूला, पॉलिश नसलेल्या जागी, खिळ्याने रेघ ओढा. रेघ दगडात गेली की नुसता खिळ्याचा लोखंडी रंग वर राहिला, ते बोटाने चोळून बघा. आणि तिसरी गोष्ट, कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन काळ्या फरशीवर घासा.

ही तिसरी परीक्षा मी स्वतःच्या पैशाने शिकले. आमच्या घराचं काम चाललं होतं, परीक्षांचे दिवस होते, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरभर. दुकानात गेले, काळीभोर फरशी पाहिली, हात फिरवला आणि पसंत केली. आयुष्यभर मुलांना ‘ताज्या तुटलेल्या पृष्ठभागावर दगड बघा’ असं बजावणारी मी, पॉलिशवर भाळले. सहा महिन्यांत बेसिनच्या बाजूचा हातभर पट्टा करडा दिसायला लागला. रिमूव्हरने पुसला तर कापूस काळा. करड्या दगडाला काळा रंग पाजून विकला होता. दगड होता अग्निजच, मजबूतही होता, अजून टिकून आहे. पण करड्याचे पैसे द्यायचे ते काळ्याचे दिले. आमचे हे अजूनही पाहुण्यांना तो पट्टा दाखवतात आणि ‘भूविज्ञानाच्या प्राध्यापकांनी निवडलेला’ असं आवर्जून सांगतात.

गरम कढईची भीती बाळगू नका, पण सिंकसाठी कापलेल्या जागेच्या पुढची जी अरुंद पट्टी असते तिथे ती टेकवू नका. ग्रॅनाइट तडकलाच तर तिथेच तडकतो.

मी भूगोल शिकवते. पुस्तकात महाराष्ट्र म्हणजे बेसाल्ट असं आहे. पण आमच्या शाळेमागच्या ओढ्यातले दगड चमकतात आणि नखाने त्यांचे पापुद्रे निघतात. मुलं त्याला सोनं म्हणतात. घरं तर सगळी जांभ्या चिऱ्याची. मग बेसाल्ट गेला कुठे? सोबत एक दगड पाठवत आहे.
– एक शिक्षिका, कुडाळ तालुका

दगड मिळाला, पोस्टमनने तो माझ्या हातात देताना जो चेहरा केला त्यासह. तो अभ्रकाचा शिस्ट आहे, रूपांतरित खडक. चमकतं ते अभ्रक.

बेसाल्ट तुमच्याकडे येऊन संपतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर पसरले, आज उरलेलं त्याचं क्षेत्र साधारण ५ लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीत काही ठिकाणी ही चळत जवळजवळ दोन किलोमीटर जाड आहे. पण कुठल्याही गोधडीला काठ असतोच. दक्षिण सिंधुदुर्गात हा काठ विरतो आणि खालची जुनी जमीन उघडी पडते, तिच्यापुढे आपला सह्याद्री कालचं पोर. तिथून गोव्यापर्यंत शिस्ट, नीस, क्वार्ट्झाइट असे रूपांतरित खडक भेटत राहतात. गोव्याचं आणि रेडीचं लोहखनिज त्याच कुळातल्या पट्टेदार खडकांतलं आहे.

पापुद्रे का निघतात, हे मुलांना फळ्यावर सांगू नका, करून दाखवा. कणकेच्या गोळ्यात मूठभर जाडे पोहे मिसळा. पोहे सगळ्या दिशांना तोंडं करून बसतील. आता तो गोळा पोळपाटावर तळहाताने जोर लावून दाबा आणि सुरीने उभा कापा. कापलेल्या कडेवर पोहे आडवे झोपलेले दिसतील. खडकातलं अभ्रक असंच, दाब ज्या दिशेने येतो त्याला आडवं होऊन वाढतं. फरक इतकाच की खडकात जुने पोहे नुसते वळत नाहीत, नवेही तयार होतात. बेसाल्टमध्ये खनिजं एकमेकांत कशीही गुंतलेली असतात, त्याला ‘आडवं’ ‘उभं’ माहीत नाही. म्हणून तो कुठूनही सारखाच फुटतो.

उपयोगात फरक पडतो तो इथेच. रस्त्याच्या आणि रेल्वेच्या खडीला चौफेर कोनाचे, ठोकळ्यासारखे तुकडे लागतात, एकमेकांत अडकून बसणारे. बेसाल्ट तसा फुटतो. तुमच्या ओढ्यातला शिस्ट क्रशरमध्ये घातला तर चपटे तुकडे पडतील आणि दाबाखाली परत मोडतील. पण हाच अवगुण स्लेटच्या बाबतीत गुण होतो. शेल नावाच्या चिखलाच्या खडकाला थोडाच दाब, थोडीच उष्णता मिळाली की स्लेट होतो, आणि तो पातळ, सपाट पत्र्यांत सुटतो. हिमाचलात कांगडा-चंब्याकडे घरांवर त्याची छपरं आहेत. आणि आपण ज्या दगडी पाटीवर थुंकी लावून अक्षरं पुसली त्या पाटीचा दगडही हाच. आंध्रातलं मरकापूर या पाट्यांसाठी नावाजलेलं. पाटी हातातून पडली की तिचा कोपरा कसा सरळ रेषेत उडायचा, आठवतं?

जांभा अग्निजही नाही आणि रूपांतरितही नाही. पावसाने खडकातलं विरघळणारं सगळं धुऊन नेलं, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं, तो जांभा. ओला असताना चिरा पाडता येतो, उन्हापावसात घट्ट होतो.

आणि पुस्तकातल्या त्या वाक्याबद्दल माझी जुनी तक्रार आहेच. मी सातारा जिल्ह्यातली, लहानपणापासून काळ्या दगडापलीकडे दुसरा दगड पाहिला नव्हता. नोकरी लागली विदर्भात. पहिल्याच वर्षी भंडाऱ्याकडच्या एका मुलीने जेवणाच्या डब्यात घालून एक शिस्टचा तुकडा आणला. त्यात डाळिंबाच्या दाण्यांसारखी गार्नेट रुतलेली. डबा उघडल्यावर मला क्षणभर खरंच डाळिंब वाटलं. नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्यात संगमरवर आहे, आणि मँगनीजचं खनिज आहे ते तर मुळात समुद्रतळाच्या गाळाचं रूपांतर होऊन तयार झालेलं. मनसर, गुमगाव, डोंगरी बुजुर्ग या त्याच्या खाणी. ते मँगनीज पोलादात जातं, डोंगरी बुजुर्गचं काही कोरड्या बॅटरीतही. त्याच्या सोबत सापडणाऱ्या गार्नेट-क्वार्ट्झच्या खडकाला जगभर ‘गोंडाइट’ म्हणतात, आपल्या गोंडांवरून. भंडाऱ्यात कायनाइट आणि सिलिमनाइटही मिळतात. ही खनिजं भट्टीच्या उष्णतेला बधत नाहीत, म्हणून भट्टीच्या विटांत वापरतात. तयारच दाबात आणि तापात झाली आहेत ती, भट्टीचं काय कौतुक?

विहिरीला चाळीस फुटांवर काळा पाषाण लागला, पुढे पाणी नाही. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला मांजऱ्या लागला आणि त्याची विहीर भरली. दोन वेगळे खडक कसे?
– एक शेतकरी, सिन्नर तालुका

दादा, खडक एकच आहे. दोन्ही बेसाल्ट. लाव्ह्याच्या एका थरात खालचा-मधला भाग घट्ट जमतो, तो तुमचा काळा पाषाण. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात, भाकरी फुगावी तशा पोकळ्या होतात आणि पुढे त्यांत पांढरी खनिजं भरतात, तो मांजऱ्या. मांजऱ्या लवकर झिजतो, ठिसूळ होतो आणि मग पाणी धरतो. पाषाणाच्या अंगात पाणी मुरत नाही, भेगा असतील तरच त्यातून येतं. तुमच्या पाषाणाखाली पुढचा थर लागेल आणि त्याच्या डोक्यावर पुन्हा मांजऱ्या असू शकेल. पण किती फुटांवर, हे मी इथे बसून सांगणार नाही आणि नारळ फिरवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. भूजल सर्वेक्षणवाल्यांना आजूबाजूच्या विहिरींची खोली दाखवा, मग सुरुंगाला पैसे घाला.

रूपांतरित खडकांच्या मुलखात हा बुडबुड्यांचा प्रकारच नाही. तिथे विहिरीची सगळी भिस्त वरच्या झिजलेल्या मुरमावर आणि खालच्या भेगांवर.

जाता जाता, मांजऱ्यातली ती पांढरी, कधी हिरवट खनिजं फेकू नका. झिओलाइट आणि अपोफिलाइटचे सुरेख स्फटिक पुणे, नाशिक, जळगावच्या खाणींतून जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हन्साइट तर संग्राहक जीव टाकून शोधतात.

इथे लालबागेत मोठा खडक आहे, पाटीवर ‘नीस’ लिहिलंय. माझी मुलगी म्हणते ग्रॅनाइटसारखाच दिसतो. मग अग्निज की रूपांतरित?
– एक वाचक, बेंगळुरू

मुलीला माझ्याकडून शाबासकी. तिला तिथे बसून पट्टे शोधायला सांगा. फिकट आणि गडद खनिजं वेगवेगळ्या पट्ट्यांत गेलेली दिसली, पट्टे कुठे कुठे नागमोडी वळलेले दिसले, तर नीस. दाणे तांदळाच्या खिचडीसारखे सगळीकडे सारखे विखुरलेले दिसले तर ग्रॅनाइट. लालबागेचा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे, पट्टे पडण्याइतका वेळ त्याला मिळाला आहे. ग्रॅनाइटसारख्या खडकाचंच रूपांतर होऊन नीस होऊ शकतो, त्यामुळे दोघांत खनिजं तीच. तिचं चुकलं काहीच नाही, ओळखीचा चेहरा तिने ओळखला.

मोठमोठ्यांनाही हे सोपं गेलेलं नाही. चेन्नईजवळच्या सेंट थॉमस माउंट आणि पल्लावरमच्या टेकड्यांत एक निळसर-करडा, तेलकट दिसणारा खडक आहे. कोलकात्याचा संस्थापक म्हणवला जाणाऱ्या जॉब चार्नॉकच्या थडग्यावर त्याच खडकाची शिळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टी. एच. हॉलंड या भूवैज्ञानिकाने ती ओळखली आणि खडकाचं नाव ठेवलं चार्नोकाइट. हॉलंडने त्याला अग्निज ठरवला. पुढच्यांनी म्हटलं, हा तर प्रचंड तापमानात रूपांतरित झालेला. आज बहुतेक चार्नोकाइट त्या दुसऱ्या खान्यात धरतात, काही अग्निजही निघतात, आणि आम्हा मंडळींना परिसंवाद भरवायला विषय मिळतो. निसर्गाने खाने केलेले नाहीत, ते आम्ही परीक्षेच्या सोयीसाठी केले.

मी नववीत आहे. ग्रॅनाइटचा नीस होतो, चुनखडकाचा संगमरवर होतो. मग आपल्या बेसाल्टचं रूपांतर झालं तर काय होईल? आणि अजून का झालं नाही?
– एक विद्यार्थी, बार्शी

होईल ॲम्फिबोलाइट, काळपट हिरवा, सुईसारख्या खनिजांनी भरलेला. तुला बघायचा असेल तर कर्नाटकात कोलारला जावं लागेल. तिथला ॲम्फिबोलाइट म्हणजे अतिप्राचीन बेसाल्टच, आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी म्हातारा. त्या पट्ट्यातल्या क्वार्ट्झच्या शिरांतून सोनं काढलं. खाण २००१ साली बंद झाली. म्हणजे कुडाळच्या मुलांना ओढ्यात सोनं सापडलं नाही, पण रूपांतरित खडकात सोनं शोधण्याची त्यांची बुद्धी वाईट नव्हती.

आपल्या बेसाल्टचं अजून झालं नाही, कारण तो कधी खोल गाडलाच गेला नाही. लाव्हा ओतला गेला तेव्हा हजार-बाराशे अंश तापलेला होता, पण ती उष्णता त्याच्या जन्माची. रूपांतरासाठी निवल्यानंतर पुन्हा खाली जाऊन शिजावं लागतं.

एक जागा सोडून. लोणार! तिथे उल्का आदळली आणि १.८ किलोमीटर रुंदीचं विवर पडलं. त्या धक्क्याने बेसाल्टमधल्या फेल्स्पारची क्षणार्धात काच झाली, स्फटिकाचा आकार तोच, आतली मांडणी मोडलेली. तिला मॅस्केलिनाइट म्हणतात. एरवी ज्या कामाला लाखो वर्षं लागतात त्याचा एक वेगळाच प्रकार तिथे डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकला.

आणि कोळशाचं रूपांतर होऊन हिरा होतो असं तुला कुणी सांगितलं असेल, तर ते विसर. हिरे शंभर-दीडशे किलोमीटर खोल तयार होतात आणि त्यांतले बहुतेक पृथ्वीवर पहिलं झाड उगवण्याच्या आधीचे आहेत. झाडंच नव्हती तर कोळसा कुठला?

आजीचा पाटा झिजून आरसा झालाय. टाकी लावणाऱ्या बायका पूर्वी दारावर यायच्या, आता दिसत नाहीत. बाजारात संगमरवराचा आणि ग्रॅनाइटचा खलबत्ता सुंदर मिळतो. त्यात चटणी वाटली तर चालेल? पाटा काढून टाकावा का?
– एक वाचक, ठाणे

काढून टाकू नका. हे उत्तर आधी, कारणं नंतर.

संगमरवराचा खल वैद्य वापरतात, मात्रा आणि चूर्णं उगाळायला, आणि तिथे तो शोभतो. चटणीत चिंच, लिंबू, मीठ, आणि हातात जोर. मऊ कॅल्साइट आंबटाने विरघळणार आणि बत्त्याने झिजणार. ते सगळं पोटात जाणार. चुना पानाला लावून खावा, चटणीतून नको.

ग्रॅनाइटचा चालेल. दक्षिणेत पाट्या-रगड्याला ग्रॅनाइट आणि त्याच्या जातीचे दगड सर्रास वापरतात आणि त्यांच्या चटणीला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. फक्त आत पॉलिश केलेला असेल तर तो दिवाणखान्यात ठेवा. गुळगुळीत खलात लसूण पळते. आत हात फिरवल्यावर मांजराच्या जिभेसारखं खरखरीत लागायला हवं.

बेसाल्ट पाट्याला का जमतो, ते भिंगातून पाहिलं की कळतं. फेल्स्पारच्या बारीक काड्या आणि त्यांच्या मधल्या जागेत पायरॉक्सिन, चटईसारखं एकमेकांत विणलेलं. टाकीचा घाव बसला की छोटा, तीक्ष्ण काठाचा खड्डा पडतो, पण शेजारचे दाणे निसटत नाहीत. मोठ्या दाण्यांच्या ग्रॅनाइटात एखादा अख्खा दाणा उडून यायची धास्ती असते, तो चटणीत सापडला तर दाताचा डॉक्टर. शिस्टचा पाटा केला तर पहिल्याच वाटणात अभ्रक खाल.

दगड कारागिराचा हात कसा वळवतो ते बघायचं तर वेरूळ आणि बेलूर पाठोपाठ पाहा. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, डोंगरच्या डोंगर बेसाल्ट वरून खाली कोरत आणलेला. तिथले हत्ती, खांब, देव सगळे भरदार, अंगाने थोर. बेलूरचं चेन्नकेशव मंदिर १११७ सालचं, तिथला दगड शंखजिऱ्याच्या जातीचा, रूपांतरित आणि मऊ. तिथे मदनिकांच्या हातातल्या कंकणाच्या आत बोट जाईल अशी पोकळी काढली आहे. ते काम बेसाल्टवर करायला बसलात तर कंकण राहणार नाही आणि टाकीही. पण शंखजिऱ्याच्या पाट्यावर मिरच्या वाटा म्हटलं, तर मंदिर घडवणाराही हात जोडेल.

टाकीचं म्हणाल तर पाथरवटांची वस्ती शोधा, स्मशानाच्या बाजूला किंवा जुन्या मंडईच्या मागे जिथे जाती, उखळं, समाधीचे दगड घडवतात तिथे. आमच्याकडे अशीच एक बाई मिळाली. पाटा पाहिला, हाताच्या उलट्या बोटाने वाजवला. टण्ण असा आवाज आला तेव्हा म्हणाली, “ह्यो पाषाण हाय बाई, अजून तीन पिढ्या जातील.” भेग असलेला दगड भद् वाजतो, ही परीक्षा मी वर्गात शिकवत होते, तिला कुणी शिकवली होती कोण जाणे. वीस मिनिटांत पाट्याच्या डोक्याकडून पायाकडे तिरप्या ओळींत खड्डे पाडत आली. डोळ्यांवर काही नाही, नाकावर पदर. दगडाची धूळ फुप्फुसात जाते, विशेषतः क्वार्ट्झची. मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या मजुरांना सिलिकोसिसने कसं खाल्लं ते सगळ्यांना माहीत आहे. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ फारसा नसतो, तेवढं तिचं नशीब. तरी तुमच्याकडे कुणी आलं तर अंगणात बसवा, दगड ओला करून घ्या आणि मास्क द्या. घरात पडलेले असतीलच.

टाकी लावून झाली की लगेच चटणीला बसू नका, कच येते. पाटा ब्रशने धुवा. जाडं मीठ वाटा, फेका. मग मूठभर तांदूळ वाटा, पिठाचा रंग करडा येईल, तेही फेका. तिसऱ्या वेळचं तांदळाचं पीठ पांढरं निघालं की पाटा तयार. त्यानंतरची पहिली चटणी आमच्या घरी मी आणि हे दोघंच खातो. दुसऱ्या दिवशीची पाहुण्यांना.